लेआउट रेंडर केला की साइडबार रिकामा होतो

प्रश्न: मॅरिओनेट २ (वेब अ‍ॅप बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरतोय. लेआउटव्ह्यू, म्हणजे पानाची मांडणी सांभाळणारा व्ह्यू (स्क्रीनवरचा एक भाग दाखवणारा घटक), त्याच्या टेम्प्लेटमध्ये (HTML साच्यात) साइडबार आणि मुख्य भाग असे दोन रीजन, म्हणजे इतर व्ह्यू बसवायच्या जागा, आहेत. त्यांत बसणारे चाइल्ड व्ह्यू सुरुवातीला एकदाच दाखवतो. मॉडेलमधलं (डेटामधलं) शीर्षक बदललं की लेआउट पुन्हा रेंडर करतो (नव्याने काढतो), आणि दोन्ही रीजन रिकामे! असं का?

उत्तर: लेआउट पुन्हा रेंडर झाला की रीजनमधले चाइल्ड व्ह्यू नष्टच होतात. ते ऑनरेंडरमध्ये (प्रत्येक रेंडरनंतर आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नव्याने दाखव. पण खरं सांगू का, बदलणारी माहिती लेआउटच्या टेम्प्लेटमध्ये ठेवूच नकोस. तिथे फक्त सांगाडा असू दे. शीर्षक बदलतंय ना? त्याला स्वतःचा रीजन, स्वतःचा व्ह्यू दे. नाहीतर कुणाचा अर्धा भरलेला फॉर्म पुसला जाईल, आणि ते मला अजिबात पटत नाही.

आणखी एक उत्तर: सहमत. मॅरिओनेटच्या आवृत्ती ३ मध्ये लेआउटव्ह्यू वेगळा उरलेला नाही. साध्या व्ह्यूलाच रीजन देता येतात.

प्रश्नकर्ता: शीर्षक वेगळं काढलं, साइडबार टिकला. मनापासून आभार!