‘तुका झालासे कळस’ कुणाचं? आणि नाव चुकलं तर बिघडतं का?

शाईचा डाग : वाचनालयाच्या भिंतीवर परवा ओळ रंगवली, ‘ज्ञानदेवें रचिला पाया, तुका झालासे कळस’. खाली नाव संत तुकाराम! अहो, हा अभंग तुकोबांच्या शिष्येचा, संत बहिणाबाईंचा. तुकोबा स्वतःला कळस म्हणवून घेतील का? उत्तर ओळीतच आहे. दुरुस्त करा म्हटलं, तर ‘एवढं काय त्यात’.

आडवाट : हा काही पुरावा नाही. ‘तुका आकाशाएवढा’ कोणी म्हटलंय?

शाईचा डाग : बरं, तो मुद्दा लंगडा निघाला. (त्याआधी ‘अणुरणीया थोकडा’ आहे, पण जाऊ दे.) मग नाममुद्रा बघा, म्हणजे अभंगात गुंफलेलं कर्त्याचं नाव. अभंग कळसाशी संपत नाही, पुढे बहेणीची ध्वजा फडकते. आपण मात्र भाषणात कळसाशीच थांबतो आणि बाईंची सही तेवढी गळते.

गप्पिष्ट : बहिणाबाई म्हणजे ‘अरे संसार संसार’वाल्या ना?

शाईचा डाग : त्या बहिणाबाई चौधरी, १८८० ते १९५१. या सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या.

आडवाट : बघा, नाव लिहूनही घोळ आहेच. आणि मुद्रेवर एवढा भरवसा? संत नामदेव आणि नंतरचे विष्णुदास नामा यांच्या रचना अशा मिसळल्यात की निवडता निवडता अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. ‘तुका म्हणे’ तर कुणीही जोडावं. अभंग तोंडी जपणाऱ्यांनी कुठे कर्त्याचं गाव विचारलं? ‘कानडा राजा पंढरीचा’ कित्येकांना संतांचाच अभंग वाटतो. लिहिलाय गदिमांनी, १९७० च्या चित्रपटासाठी. कवीला याहून मोठी पावती कोणती?

टाचणी : पावती मोठीच, पण ती गदिमांच्या नावानं फाडा की! संतांच्या खात्यात जमा करून कवीला काय मिळालं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून त्या आज कवयित्री. नाहीतर त्याच ओळी ‘पारंपरिक ओव्या’ म्हणून छापल्या असत्या, आणि तुम्ही तेव्हाही म्हणाला असतात, केवढी मोठी पावती!

आडवाट : टोमणा पोचला. तरी गुरूचं नाव लागलं म्हणून शिऊरच्या बहिणाबाई रागावल्या असत्या असं वाटत नाही.

शाईचा डाग : त्या नसत्या रागावल्या. मी रागावलोय. रंगारी उद्या येतोय. नुसतं ‘संत बहिणाबाई’ लिहू की पुढे ‘शिऊर’ही घालू? नाहीतर रात्रीतून कुणीतरी खडूनं ‘चौधरी’ जोडून जाईल.

गप्पिष्ट : माझ्याकडे बघू नका.