बॉम्बे कॅसल ते आयएनएस आंग्रे: एका वास्तूचे बदलते उपयोग

प्रश्न (उत्तरकोकण):
मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या इमारतीमागे नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे आणि जुन्या बॉम्बे कॅसलचे अवशेष त्याच्याच आवारात आहेत, असे वाचनात आले. पोर्तुगीज काळात तेथे एक राहता वाडा होता म्हणे. वाड्याचा किल्ला आणि किल्ल्याचा नौदलतळ कसा झाला, आणि शहराची तटबंदी पाडली गेली तेव्हा एवढाच भाग कसा वाचला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (खंदक):
मूळ वाडा गार्सिया द ओर्ता या गोव्यात स्थायिक झालेल्या पोर्तुगीज वैद्याचा. औषधी वनस्पतींच्या या अभ्यासकाला सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट खंडाने मिळाले होते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले, १६६५ मध्ये हम्फ्री कुक या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचा प्रत्यक्ष ताबा घेतला आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. कंपनीने वाड्याभोवती तट-बुरूज उभारले आणि तेथूनच बेटाचा कारभार चालू लागला. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६८९ मध्ये बेटावर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांना याच तटाआड कोंडून घ्यावे लागले. कुर्ल्याचा निळसर दगड आणि दक्षिण कोकणातला जांभा या तटात वापरलेला आहे, तर प्रवेशद्वाराच्या वरच्या कोपऱ्यांत हाती पृथ्वीगोल धरलेले दोन पोर्तुगीज सैनिक कोरलेले आहेत. मालक इतके बदलूनही ते तसेच राहिले, ही मला या वास्तूची सर्वांत मोलाची खूण वाटते.

प्रतिसाद (गलबत):
तटबंदीबद्दल थोडी भर घालतो. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाचे, म्हणजे शहराभोवतीचे, तट पाडले गेले, कारण वाढत्या व्यापारी शहराला त्यांची अडचण होत होती. कॅसल मात्र लष्करी वापरात होता आणि गोदीला लागून होता, त्यामुळे तो वाचला, असे माझे मत आहे. रिकामा पडला असता तर त्या मोक्याच्या जागेवर दुसरी इमारत नक्कीच उभी राहिली असती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे रॉयल इंडियन नेव्हीचे, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाचे, खलाशी राहत आणि त्या जागेला कॅसल बॅरॅक्स म्हणत. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, तळाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनने खांदेरी या मुंबईजवळच्या बेटावरील किल्ल्यावर केलेला हल्ला ज्यांच्या आरमाराने परतवला, त्यांचे नाव कंपनीच्या मुंबईतल्या मूळ ठाण्याला मिळावे, यात मराठी माणसाला वाटणारा अभिमान रास्तच आहे.

प्रतिसाद (दर्यावर्दी):
कॅसल बॅरॅक्सचा उल्लेख आलाच आहे, तर तिथल्या खलाशांनी भाग घेतलेला १९४६ चा नौदलातील उठाव वगळून चालणार नाही. १८ फेब्रुवारीला तलवार या प्रशिक्षण केंद्रातून संप सुरू झाला. २१ तारखेला लष्कराने कॅसल बॅरॅक्सला घेरले होते; आतल्या खलाशांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न करताच त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यांनीही शस्त्रे हाती घेऊन आतून कित्येक तास प्रत्युत्तर दिले. साम्राज्याच्या रक्षणासाठी बांधलेला तट त्या दिवशी साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या कामी आला. २३ फेब्रुवारीला संप मागे घेण्यात आला. या वास्तूच्या उपयोगांची नोंद करताना गार्सियाच्या वाड्याला जितकी जागा मिळते, तितकीच या खलाशांनाही मिळाली पाहिजे.