वाळूतले पायाचे ठसे खोटे का वाटतात?

प्रश्न: कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये वाळूची जमीन करतोय, पाय पडला की हाइटमॅपमध्ये (ज्या चित्रात प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्या जागेची उंची) तेवढ्या पिक्सेलची उंची कमी करतो, पण ठसा सुरीने कापल्यासारखा दिसतो, काय चुकतंय?

उत्तर: अरे तू वाळू गायब करतोयस! जेवढी दाबली तेवढी कडेला ढकल, काठ आपोआप उचलला जाईल. मग शेजारच्या पिक्सेलशी उतार तपास, कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर टिकत नाही, जास्तीची खाली सरकव, असं चार-पाच वेळा फिरव. ओल्या वाळूला कोन वाढव. ताजा बर्फ मात्र खरंच दबतो, तिथे आकारमान कमी झालं तरी चालतं.

उत्तर: नॉर्मल (प्रत्येक जागी पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते) पण परत मोजून घे, नाहीतर उजेड सपाट जमिनीसारखाच पडतो.

प्रश्नकर्ता: नॉर्मल राहिलेच होते, आता काठ मस्त दिसतोय, थँक्स दोघांना!