ट्रेनिंग नाही तर विमा नाही? मग धडक बसलेल्याने कुठे जायचं?

गिअरवाला: काल इथे एक पोस्ट पडली की ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नसेल तर शिकाऊ बाइकवाल्याला विमाच देऊ नका, त्यांच्या धडपडण्यापायी आमचे हप्ते वाढतात. खाली वा वा करणारे ढीगभर, म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, विमा नाकारला म्हणून पोरं बाइक चालवायची थांबणारेत का? बिनविम्याची चालवतील. आणि एखाद्या पायी चालणाऱ्याला उडवलं तर त्याने भरपाई कोणाकडे मागायची? थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो, चालवणाऱ्याचे लाड म्हणून नाही. ट्रेनिंग सक्तीचं करायचंय ना, लायसन देतानाच करा की.

खडूस_रायडर: पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोला. ब्रिटनमध्ये १९९० पासून सीबीटी नावाचा कोर्स केल्याशिवाय शिकाऊ माणसाला रस्त्यावर बाइक काढता येत नाही. वर एल प्लेट म्हणजे शिकाऊची पाटी, १२५ सीसीची मर्यादा, डबलसीट बंद, मोटरवे म्हणजे तिकडचे वेगवान महामार्ग बंद, आणि दोन वर्षांत पूर्ण लायसन नाही मिळालं तर कोर्स परत करा. तिकडचे लोक येडे आहेत का? अमेरिकेतला १९८१ चा हर्ट रिपोर्ट वाचा, ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते, त्यातले ९२ टक्के बाइकवाले स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले.

क्लचप्लेट: काका, तुमचं ब्रिटनचं उदाहरण गिअरवालाच्या बाजूचं आहे, तिथे कोर्स रस्त्यावर यायच्या आधी आहे. आणि ९२ टक्के ऐकायला भारी वाटतं, पण तेव्हा रस्त्यावर एकूण बाइकवाल्यांत घरी शिकलेले किती होते ते बघायला नको? कॉक्रेन म्हणजे संशोधनांचा एकत्र आढावा घेणारी संस्था, २०१० मध्ये त्यांनी बाइक ट्रेनिंगवरचे अभ्यास एकत्र तपासले, ट्रेनिंगने अपघात कमी होतात की नाही हे ठरवता येण्याइतके ते अभ्यासच धड नव्हते.

खडूस_रायडर: म्हणजे शिकूच नका. वा!

कडेकडेने: कोर्सचं कौतुक मला सांगू नका. माझ्या कोर्समध्ये मोकळं मैदान, प्लास्टिकचे शंकू लावलेले, आठचा आकडा काढा, झालं. सर एकच ओरडायचे, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटशील! सर्टिफिकेट मात्र एकदम चकाचक.

दोन_बोटं: आणि हाच माणूस सर्टिफिकेटवाला म्हणून विम्याला लायक! ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच चाकात. हर्ट रिपोर्टमध्येही तेच आहे, घाबरून मागचा ब्रेक कचकन दाबला, चाक घसरलं, पुढचा नीट वापरलाच नाही. लिव्हर आधी हलका घ्यायचा, वजन पुढे आलं की मग आवळायचा. फक्त झुकलेल्या गाडीत झटका द्यायचा नाही.

जुनी_गाडी: पुस्तकी पांडित्य. वाळूवर पुढचा दाबून दाखवा मग बोलू. मी आयुष्यभर मागच्या ब्रेकवर चालवली, काही झालं नाही.

दोन_बोटं: तुम्हाला काही झालं नाही कारण समोरचे वाचवत आले.

जुनी_गाडी: तोंड सांभाळून. माझ्या अनुभवाइतकं तुमचं वय नसेल.

क्लचप्लेट: एबीएस घ्या आणि भांडण मिटवा.

दोन_बोटं: एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, ब्रेक कधी मारायचा ते सांगत नाही. आणि साधं एबीएस वळणात झुकलेल्या गाडीला पडण्यापासून वाचवेलच असं नाही. हेच शिकवायला हवं ना कोर्समध्ये!

मागची_सीट: ब्रेक पुरे झाले, पॉलिसीवर बोला. माझ्या धाकट्या भावाचं शिकाऊ लायसन, गाडी आणि पॉलिसी बाबांच्या नावावर, मागे मित्र बसलेला. वळणावर घसरले. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने टाकीचा पोचा बघितलाही नाही, पहिला प्रश्न, चालवत कोण होतं आणि मागे कोण होतं? शिकाऊ असताना डबलसीट म्हणजे अटीचा भंग, गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेला. ती अट पॉलिसीत छापलेली होती, बारीक अक्षरात. घरात कोणी वाचली नव्हती, विकणाऱ्याने सांगितली नव्हती. कोर्समध्ये एक तास ही पॉलिसी वाचायला लावा. आणि हप्ता कमी यावा म्हणून मोठ्यांच्या नावावर गाडी घेऊन रोज पोरगा चालवत असेल तर कंपनीला तसं कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच काढतात.

खडूस_रायडर: चूक भावाची, रडगाणं कंपनीच्या नावाने.

मागची_सीट: कंपनीला मी एक शब्द बोलले नाही. वाचता येतं ना? चूक भावाचीच आहे. ती त्याला आधी कोणी सांगितली असती तर झाली नसती, एवढंच म्हणतेय.

गिअरवाला: काका, आता तरी मूळ मुद्द्यावर उत्तर द्या. पायी चालणाऱ्याचं काय?

खडूस_रायडर: बरं बाबांनो, थर्ड पार्टी द्या सगळ्यांना, तुम्ही लोकशाहीवाले जिंकलात. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कोर्स न करणाऱ्याला महागच पडला पाहिजे. त्यावर मी हटणार नाही.

गिअरवाला: महाग करा, मला मान्य. पण मैदानात आठचा आकडा काढणाऱ्या कोर्सवर सूट नको. भर वेगातून एकदम थांबायला लावतात, चौकात कोण आडवा येईल ते आधी हेरायला शिकवतात, अशाच कोर्सवर.

जुनी_गाडी: आणि वाळूवर मागचाच ब्रेक, सांगून ठेवतो.