न मागितलेले क्रेडिट कार्ड, आणि क्रेडिट फ्रीझ

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी एका बँकेचे पत्र आले. माझ्या नावाने क्रेडिट कार्डासाठी आलेला अर्ज अपुऱ्या माहितीमुळे नामंजूर केल्याचे त्यात कळवले होते. असा अर्ज मी किंवा माझ्या यजमानांनी केलेलाच नाही. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आले की मधले नाव माझ्या वडिलांचे छापलेले आहे. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, तेव्हापासून गेली अकरा वर्षे मी ते अमेरिकेत कुठेही लिहिलेले नाही.

क्रेडिटवर लक्ष ठेवणारी एखादी सेवा दरमहा पैसे भरून घेतली की पुरे, असे यजमानांचे म्हणणे आहे. येत्या मार्च-एप्रिलमध्ये घर घ्यायचे आहे. क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपला कर्जांच्या नोंदींचा अहवाल नव्या कर्जदात्यांसाठी बंद केल्यास, स्कोअर (आपली पत दाखवणारा आकडा) घसरेल किंवा कर्ज अडेल, अशी त्यांना धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
मंडळाची एक सभासद

———

ताई, नमस्कार.

मधल्या नावाचा उल्लेख आपण केलात हे फार बरे झाले. चोराच्या हाती लागलेली माहिती बहुधा आपल्या विद्यार्थिदशेतली किंवा पहिल्या नोकरीच्या वेळची असावी. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत कर्ज, कर, नोकरी यांसाठी लागणारा ओळख क्रमांक) चोरीला गेले. कार्ड हरवले तर नवा क्रमांक मिळतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र सहसा जन्मभर तोच राहतो, त्यामुळे अशी माहिती कितीही जुनी झाली तरी चोराच्या कामाचीच असते.

लक्ष ठेवणारी सेवा कोणी अर्ज केला किंवा खाते उघडले की आपल्याला कळवते, पण त्याला अडवत नाही. अडवण्याचे काम फ्रीझ करतो, कारण नवे कर्ज देणाऱ्याला आपला अहवालच मिळत नाही आणि अहवाल पाहिल्याशिवाय सहसा कोणी कर्ज मंजूर करत नाही. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट संस्थांकडे तो स्वतंत्रपणे करावा लागतो. एकीकडे केला म्हणजे दुसरीकडे होत नाही. २१ सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने तो विनामूल्य आहे. स्कोअरवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि ऑनलाइन किंवा फोनवरून सांगितल्यास तासाभरात उठवावाच लागतो. घराच्या कर्जाचा अर्ज कराल त्या आठवड्यापुरता तिन्हीकडे उठवा आणि नंतर पुन्हा लावा.

त्याआधी त्या बँकेच्या फसवणूक विभागाला आजच फोन करा, मात्र क्रमांक पत्रावरचा न घेता बँकेच्या संकेतस्थळावरचा घ्या. मग फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्ह येथे तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवा. आपल्या नावावर खोटे खाते निघालेच, तर या तक्रारीच्या आणि ओळखपत्राच्या आधारे क्रेडिट संस्थांना ती नोंद चार कामकाजाच्या दिवसांत रोखावी लागते. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम येथून तिन्ही अहवाल दर आठवड्याला फुकट मिळतात. त्यांत खात्यांबरोबरच चौकशांची (कोणकोणत्या बँकांनी आपला अहवाल मागितला त्याची) यादी, जुने पत्ते आणि नावाची निरनिराळी रूपेही ओळीने वाचा. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मधल्या नावांची अदलाबदल यांमुळे आपल्या मराठी बायकांच्या अहवालांत आधीच गोंधळ असतो आणि परकी नोंद त्यात सहज लपून जाते.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आमच्या सौ.चा फ्रीझ तिन्हीकडे होता, तरीही तिच्या क्रमांकावर कोणीतरी आयकर विवरणपत्र भरून परतावा मागितला. आम्ही ई-फाइल केलेले विवरणपत्र परत आले तेव्हा आम्हाला ते समजले. क्रेडिट फ्रीझचा कराशी काही संबंध नसतो. करासाठी आयआरएस या अमेरिकेच्या आयकर खात्याकडून सहा आकडी आयपी पिन, म्हणजे विवरणपत्र आपणच भरतो आहोत हे पटवणारा गुप्त क्रमांक, घ्यावा लागतो. तो दरवर्षी बदलतो आणि २०२१ पासून कोणालाही मागून घेता येतो. आम्ही तो एक वर्ष आधी घेतला असता तर पुढचे कित्येक महिने पत्रव्यवहारात गेले नसते, याची मला आजही हळहळ वाटते.

सोळा वर्षांखालील मुलांचा फ्रीझ आईवडिलांना करता येतो. कागदपत्रे सहसा टपालाने पाठवावी लागतात. कंटाळा करू नका.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

———

काका, एक पुस्ती जोडते. ज्यांचे पॅन कार्ड भारतात चालू आहे, त्यांनी तिकडचा अहवालही पाहावा. सिबिलसह तिकडच्या चारही क्रेडिट संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गावाकडे कोणाला आधारची प्रत पाठवायची झाल्यास पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत पाठवावी.

———

काका आणि ताई, आपले मनापासून आभार.

काल रात्री तिन्ही फ्रीझ झाले. यजमानही शेजारी बसून होते आणि त्यांनी लगोलग स्वतःचेही केले. ट्रान्सयुनियनच्या अहवालात एका अनोळखी बँकेची आणखी एक चौकशी निघाली आणि त्याखाली आम्ही कधीही न राहिलेला टेक्सासमधला एक पत्ता होता. दोन्हींची तक्रार नोंदवली आहे.

कार्यकारिणीस एक विनंती आहे. गणेशोत्सवातील स्पर्धांच्या अर्जात आपण मुलांचे संपूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता मागतो, आणि ती यादी सर्व स्वयंसेवकांना ईमेलने जाते. वयोगट ठरवण्यासाठी इयत्ता पुरेशी आहे. यंदाचा अर्ज निघण्यापूर्वी हा बदल करावा आणि मागच्या वर्षांच्या याद्या काढून टाकाव्यात.