मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर बुद्धिबळाचा डेटाबेस – दोनदा आलेले डाव, नावांचा गोंधळ आणि बंद पडणारं इंजिन

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यातली काही आता राज्य स्पर्धांना जाऊ लागली आहेत. तिथे समोरची मुलं ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) घरून पक्की तयारी करून येतात. आमच्या मुलांनाही ते साधन मिळावं असं मनापासून वाटतं. चेसबेस हे डावांच्या डेटाबेसचं विकतचं सॉफ्टवेअर सध्या परवडणार नाही, म्हणून स्किड व्हर्सेस पीसी (थोडक्यात स्किड) हे फुकटचं टाकलंय. लॅपटॉप बराच जुना आहे, चार जीबी रॅम.

'द वीक इन चेस' या संकेतस्थळाच्या दर आठवड्याच्या पीजीएन फाइली (डावांच्या चाली मजकुरात लिहिलेल्या) उतरवून त्या एकाच डेटाबेसमध्ये ओतल्या. आता अडतंय ते असं:

एकच डाव दोनदा-तीनदा दिसतो, कारण दुसरीकडून मिळालेले जुने संग्रहही त्यातच टाकलेत. शिवाय खेळाडूंची नावं. विदित गुजराथीचे डाव शोधले तर कुठे 'विदित' आधी, कुठे 'गुजराथी' आधी, कुठे नुसतं आद्याक्षर. आपल्याकडच्या बऱ्याच खेळाडूंचं असंच झालंय. सगळे डाव एका नावाखाली कसे आणायचे?

दुसरं, माझा एक विद्यार्थी काळ्याकडून कारो-कान ही ओपनिंग खेळतो आणि त्यातल्या पानोव्ह हल्ल्यात (पांढऱ्याच्या एका पद्धतीत) त्याची गाडी अडते. मी बी१३ आणि बी१४ हे ईसीओ कोड (ओपनिंगना दिलेले ठरावीक क्रमांक) टाकून शोधतो. पण तीच स्थिती वेगळ्या चालींनी आली असेल तर ते डाव सुटत असतील अशी शंका आहे.

तिसरं, इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) सुरू करताच बंद पडतं. काही संदेशही येत नाही.

आणि डावांवर मराठीत शेरे लिहायचे आहेत. पीजीएन दुसऱ्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. मुलं इंग्रजी शेरे वाचत नाहीत, त्यामुळे हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

सातवी पट्टी:
सर, काम छान चाललंय. आधी डेटाबेसची एक प्रत बाजूला ठेवा, मग मेंटेनन्सच्या खिडकीत जा. क्रम महत्त्वाचा: पहिल्यांदा नावांची स्पेलिंग तपासणी, मग जुळे डाव काढणं, शेवटी कॉम्पॅक्ट (काढलेले डाव कायमचे पुसणं). नावं वेगळी राहिली तर प्रोग्रॅमला दोन डाव जुळे आहेत हे कळतच नाही. जुळे काढताना 'चाली सारख्या' ही अट नक्की लावा, नाहीतर एकाच दिवशी त्याच दोघांत झालेले ब्लिट्झचे (झटपट खेळाचे) वेगवेगळे डाव उडतील. स्पेलिंगच्या यादीत नसलेली नावं नेम एडिटरमधून हातानेच बदलावी लागतात. स्थानिक खेळाडूंसाठी ते करावंच लागेल.

अजून एक. स्किडचा डेटाबेस म्हणजे एक फाइल नव्हे, एकाच नावाच्या तीन फाइली: एसआय४, एसजी४ आणि एसएन४. विंडोज फाइलीच्या नावाचं हे शेपूट लपवतं, म्हणून त्या सारख्याच दिसतात. पेनड्राइव्हवर नेताना तिन्ही न्या.

घोडा एफ३:
तुमची शंका रास्त आहे. पानोव्हची स्थिती १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ईxडी५ सीxडी५ ४. सी४ अशी येते, पण १. सी४ सी६ २. ई४ डी५ ३. ईxडी५ सीxडी५ ४. डी४ अशीही येते. कोडच्या भरवशावर राहू नका. पटावर ती स्थिती मांडा आणि सर्चमध्ये 'करंट बोर्ड' घ्या, म्हणजे चालींचा क्रम कसाही असो, डाव सापडतो.

तिथेच 'एक्झॅक्ट' ऐवजी 'पॉन्स' निवडता येतं. मग दोन्हीकडची मोहरी संख्येने तितकीच आणि सगळी प्यादी त्याच घरांत, पण बाकीची मोहरी कुठेही, असे डाव मिळतात. पानोव्हमध्ये पुढे पांढऱ्याचं डी४चं प्यादं बहुतेकदा एकटं पडतं. काळ्याने त्याच्यासमोर डी५वर घोडा रोवायचा, एकेक मोहरं अदलाबदल करून कमी करायचं, मग त्या प्याद्यावर दाब आणायचा. मुलाला पंधरा चाली पाठ करायला लावण्यापेक्षा असे पाच-सहा डाव शेवटपर्यंत खेळून दाखवा. मला हा शोध स्किडमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

इंजिनचं बहुधा प्रोसेसरमुळे होतंय. स्टॉकफिश या इंजिनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात. 'एव्हीएक्स२' लिहिलेली जुन्या प्रोसेसरवर चालत नाही, सुरू होताच बंद पडते. नावात 'पॉपसीएनटी' असलेली उतरवून बघा. चार जीबी रॅम आहे तर हॅश (इंजिनला वापरायला दिलेली मेमरी) २५६ एमबीच्या वर नेऊ नका.

सातवी पट्टी:
मराठी शेऱ्यांबद्दल: पीजीएनचा मूळ मसुदा १९९०च्या दशकातला, त्यात लॅटिन अक्षरंच धरली होती. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी सामावणाऱ्या पद्धतीत) साठवली आणि समोरचा प्रोग्रॅमही तसंच वाचत असेल तर देवनागरी शाबूत राहते. खात्रीचा मार्ग म्हणजे शेरे लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या 'स्टडी'त लिहा. तिथे मराठी नीट दिसतं, फुकट आहे आणि मुलं मोबाइलवरही बघू शकतात.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. 'पॉपसीएनटी'वालं इंजिन चालू झालं! नावांची तपासणी लावून ठेवली आहे. आता एकच राहिलं: मुलांनी स्पर्धेत लिहिलेल्या स्कोअरशीटवरचे डाव भरायचे आहेत. ते याच डेटाबेसमध्ये ठेवू, की प्रत्येक मुलाचा वेगळा करू?

घोडा एफ३:
वेगळा. मोठ्या डेटाबेसमध्ये ओपनिंग ट्री (कोणती चाल किती वेळा खेळली गेली याचा तक्ता) बघताना मुलांचे डाव आकडेवारीत मिसळायला नकोत. फक्त नवे डाव क्लिपबेसमध्ये (स्किडच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये) भरू नका, ते प्रोग्रॅम बंद केला की जातात.