पेंच ते ताडोबा मोटरहोमने : रात्रीचे मुक्काम कोठे करावेत?

प्रश्न : वर्धाकर

आम्ही चार मित्र येत्या डिसेंबरमध्ये मोटरहोम भाड्याने घेऊन पेंच, नवेगाव-नागझिरा आणि ताडोबा या विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांचा प्रवास करण्याच्या विचारात आहोत. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली असून तीत चौघांच्या झोपण्याची सोय, लहान ओटा, शौचालय आणि छतावर सौर पॅनेल आहे. पहाटेच्या सफारीसाठी प्रवेशद्वाराजवळच मुक्काम असावा, हा मुख्य हेतू आहे. ही गाडी जंगलात नेता येते का, रात्री ती कोठे उभी करावी आणि मार्ग कोणता धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जमल्यास मेळघाटही जोडायचा आहे.

उत्तर : वैनगंगाकाठ

वर्धाकर भाऊ, सफारी जिप्सीसारख्या नोंदणीकृत उघड्या गाड्यांतूनच आणि सोबत वाटाड्या घेऊनच होते. तुमची गाडी त्या वेळेत प्रवेशद्वाराबाहेर उभी राहील. आरक्षण ऑनलाइन होते आणि आरक्षणात दिलेले मूळ ओळखपत्र दारावर दाखवावे लागते. ताडोब्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असते. इतर ठिकाणच्या सुटीचा वार आरक्षण करतानाच पाहून घ्यावा, म्हणजे मुक्काम फुकट जात नाही.

मार्गाचे म्हणाल तर नागपूरहून ४४ क्रमांकाच्या महामार्गाने पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वाराला जावे, तेथून परत मनसरला येऊन रामटेक, तुमसरमार्गे भंडारा गाठावे आणि पुढे साकोलीवरून नागझिरा व नवेगावबांध करून अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर या क्रमाने ताडोब्याचे कोलारा प्रवेशद्वार गाठावे. याच ४४ क्रमांकाच्या महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून पूल बांधलेले आहेत. तेथे थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण माणसांची वर्दळ वाढली की जनावरे ती वाट सोडतात.

ब्रह्मपुरी-नागभीड भागात वाघ केवळ राखीव जंगलात राहत नाहीत; शेतांना लागून असलेल्या झुडपी जंगलातही त्यांचा वावर आहे. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा त्याआधी मुक्कामी पोहोचाल असाच दिवस आखावा.

उत्तर : झाडीपट्टीतला शेतकरी

मी ताडोब्याच्या बफरमधील, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातील गावात राहतो, म्हणून मुक्कामाविषयी सविस्तर लिहितो. बाहेरून येणाऱ्या गाड्यांना मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, म्हणजे बांध, फार आवडते. जागा सपाट, समोर पाणी आणि सकाळी पक्षी, असे सगळेच तेथे असते. परंतु रात्री त्याच पाण्यावर जनावरे येतात आणि तुमच्या दिव्यांमुळे ती माघारी फिरतात. पाळ सोडून गावातच जागा मागावी. बऱ्याच गावांत आता होमस्टे आहेत. त्यांच्या अंगणात गाडी उभी करून पाणी, वीज आणि रात्रीचे जेवण यांचे रीतसर पैसे द्यावेत. होमस्टे नसेल तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून, आपण कोण आणि किती जण आहोत हे आधी सांगावे. अनोळखी मोठी गाडी रात्रभर गावाबाहेर उभी दिसली की लोक काळजीत पडतात, आणि ती काळजी रास्त असते.

डिसेंबरमध्ये आमच्याकडे धानाच्या मळणीची लगबग असते. वावरात आणि खळ्यावर धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग, रचलेले असतात आणि वर्षाची सगळी कमाई त्यांत असते. त्यांच्या जवळपास शेगडी किंवा शेकोटी पेटवू नये. एक ठिणगी पुरते. पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेवरही गाडी लावू नये, कारण बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर उजाडायच्या आधीच निघतात.

आणखी एक गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदेशीरपणे विजेचा प्रवाह सोडला जातो आणि त्यात माणसेही दगावली आहेत. अंधारात कोणाच्याही धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालू नये.

उत्तर : उमरेडचा वायरमन

गाडी ठरवण्यापूर्वी नंबरपाटी पाहा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल, तर अपघात झाल्यास विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मोटरहोमची बांधणी एआयएस-१२४ या मोटरहोमसाठीच्या भारतीय मानकानुसार आहे आणि बदल नोंदणी पुस्तिकेत चढवलेले आहेत, याचीही खात्री करावी.

विजेचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २.४ युनिट वीज मावते. शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी. ताशी एक युनिट घेणारा एसी त्यावर जेमतेम तासभर चालेल. डिसेंबरमध्ये एसी लागत नाही. दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल यांना ही वीज पुरेशी होते. अशीच सहल मे महिन्यात करायची झाल्यास चंद्रपूरच्या उन्हात पत्र्याची गाडी भट्टीसारखी तापते, तेव्हा बाहेरून वीज जोडण्याची सोय असलेलाच मुक्काम शोधावा. गावात जोडणी घेताना १५ अँपिअरचे सॉकेट आणि अर्थिंग तपासल्याशिवाय वायर लावू नये.

शौचालयाची टाकी ओढ्यात किंवा शेतात कधीही रिकामी करू नये. होमस्टेवाल्यांना विचारून त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये ती ओतावी. त्यांनी नकार दिला तर तसेच पुढे जावे. मोटरहोमवाल्यांना पुढच्या वेळी गावात जागा मिळणार की नाही, हे बहुतेक याच एका गोष्टीवर ठरते.

गाडीची उंची पॅनेलसह मोजून काचेवर चिकटवून ठेवा. रेल्वेच्या भुयारी मार्गांवर उंचीचे अडसर असतात आणि गावातील वीजतारा बऱ्याच ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात.

प्रतिसाद : वर्धाकर

सर्वांचे मनापासून आभार. आधी मुक्काम ठरवून मगच सफारीचे आरक्षण करू. मेळघाटाविषयी कोणी सांगेल का?

उत्तर : वैनगंगाकाठ

मेळघाट या सहलीत कोंबू नका, भाऊ. तो पश्चिमेला, अमरावतीच्या पलीकडे आहे आणि सेमाडोह व चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटांत वळणे अरुंद आहेत. वेगळा जाल तेव्हा मोटरहोम परतवाड्यात सुरक्षित जागी ठेवून पुढे जीप घ्यावी.